तलावात उतरा, रंगमंचावर चढा!

एका रविवारी वंदना आटोपल्यावर आमच्या विहारात एक ताई आमच्याजवळ आल्या. चार घरची धुणीभांडी करून त्या संसार चालवतात. मालक रोजंदारीवर जातात. थोरली मुलगी यंदाच कॉलेजात गेलेली. ताई तक्रारीच्या सुरात म्हणाल्या, "दादा, बाबासाहेब अठरा-अठरा तास अभ्यास करत होते. आणि ही आमची पोरगी! कॉलेजच्या पोहण्याच्या संघात नाव दिलंय म्हणते. वर गॅदरिंगच्या संगीत नाटकात गाणं म्हणणार म्हणते. पाण्यात उड्या आणि स्टेजवर नाचगाणं, ही काय आपल्या लोकांची कामं? तुम्हीच समजवा हिला."

मुलगी बाजूला खाली मान घालून उभी होती. आम्ही तिला समजावले नाही. ताईंनाच समजावण्याचा प्रयत्न केला. पण विहाराच्या दारात चपला शोधता शोधता असे किती सांगणार? शिवाय हा प्रश्न त्या एकट्या ताईंचा नाही. आपल्या वस्तीतल्या निम्म्याअधिक घरांतून तो विचारला जातो. म्हणून तो आज या पानावर घेत आहोत.

बाबासाहेबांचे नाव निघालेच आहे, तेव्हा त्यांच्याच कॉलेजापासून सुरुवात करू या.

कोलंबियातले दिवस

जुलै १९१३ मध्ये बाबासाहेब न्यूयॉर्कला पोहोचले. कोलंबिया विद्यापीठात त्यांनी नाव घातले. आधी हार्टले हॉल या वसतिगृहात काही दिवस काढले. नंतर लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये नवल भथेना या पारशी विद्यार्थ्याबरोबर राहिले. ही मैत्री पुढे जन्मभर टिकली. १९१५ साली ते एम. ए. झाले. ९ मे १९१६ रोजी डॉ. गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात त्यांनी 'भारतातील जाती' हा निबंध वाचला. जात टिकते ती जातीतल्या जातीत लग्न करण्याच्या बंधनामुळे, हे त्यात त्यांनी मांडले. तेव्हा त्यांचे वय होते अवघे २५.

हे सारे आपल्याला पाठ आहे. पण त्याच आवारात इतर विद्यार्थी काय करत होते, हे आपण सहसा पाहत नाही.

कोलंबियाच्या विद्यार्थ्यांचे एक संगीत नाटक दरवर्षी होत असे. त्याचे नाव 'व्हर्सिटी शो'. त्याची सुरुवात झाली १८९४ साली, आणि तीही कशासाठी? विद्यापीठाच्या खेळांच्या संघांना पैसे हवे होते म्हणून! विद्यार्थ्यांनी नाटक लिहायचे, चाली लावायच्या, नाचायचे, गायचे, तिकिटे विकायची आणि त्यातून खेळाडूंचा खर्च भागवायचा, अशी ती कल्पना. सुरुवातीच्या काळात बायकांची कामेही मुलेच करीत. बालगंधर्वांचा जमाना आठवावा, किंवा आपल्या तमाशातला नाच्या आठवावा.

पोहण्याचेही तसेच. अमेरिकेत कॉलेजा-कॉलेजांतल्या पोहण्याच्या शर्यती सुरू झाल्या त्या १८९७ च्या सुमारास, आणि त्या पहिल्या कॉलेजांत पेन्सिल्व्हेनिया व येल यांच्याबरोबर कोलंबियाही होते. पुढे तर कोलंबिया कॉलेजात असा नियम झाला, की पोहण्याची परीक्षा दिल्याशिवाय पदवी नाही. २५ यार्डांच्या तलावाच्या तीन फेऱ्या पोहून दाखवायच्या, मगच पदवीचे भेंडोळे हातात! अनेक दशके तो नियम चालला. म्हणजे शिकलेल्या माणसाला पाण्यात बुडता कामा नये, हा तिथे शिक्षणाचाच भाग मानला गेला.

मग बाबासाहेब ग्रंथालयातच का बसले? याचे उत्तर साधे आहे. त्यांच्याकडे बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची तीन वर्षांची शिष्यवृत्ती होती. घड्याळ चालू होते. तीन वर्षांत जे मिळवायचे ते एकट्यासाठी मिळवायचे नव्हते, साऱ्या समाजासाठी मिळवायचे होते. म्हणून त्यांनी खेळ, करमणूक, पोटभर जेवण यांवर पाणी सोडले. एका पिढीने उपास काढला तो पुढच्या पिढीने जेवावे म्हणून. आपण मात्र तो उपासच मुलांच्या ताटात वाढतो, आणि वर बाबासाहेबांचे नाव सांगतो. हे बरोबर नाही.

एकाच साली दोन घटना

बाबासाहेब कोलंबियात होते त्याच काळात ऑस्कर हॅमरस्टीन नावाचा एक गोरा मुलगा तिथे शिकत होता. १९१५ च्या व्हर्सिटी शोमध्ये त्याने काम केले. पुढे त्याने कायद्याचा अभ्यास अर्धवट सोडला आणि तो नाटकात शिरला. हा मुलगा कॉलेजच्या गॅदरिंगमधून वर आला आणि अमेरिकेच्या संगीत रंगभूमीचा मोठा लेखक झाला.

आता १९२७ साल पाहा. २० मार्चला बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीने प्राशन केले. मुंबई कायदे मंडळात रावबहादूर बोले यांचा ठराव होऊन चार वर्षे होत आली होती. महाड नगरपालिकेनेही तळे खुले केले होते, पण ते कागदावर. आपली माणसे पाणी प्यायली तेव्हा सनातन्यांनी मारहाण केली आणि नंतर १०८ घागरींनी तळे 'शुद्ध' केले. २५ डिसेंबरला त्याच महाडात मनुस्मृती जाळली गेली.

त्यानंतर दोनच दिवसांनी, २७ डिसेंबर १९२७ रोजी, न्यूयॉर्कमध्ये हॅमरस्टीनच्या 'शो बोट' या संगीत नाटकाचा पहिला प्रयोग झाला. कादंबरी एडना फर्बर या लेखिकेची, संगीत जेरोम कर्न यांचे. मिसिसिपी नदीवर फिरणाऱ्या एका नाटकाच्या बोटीची ही कथा. त्यात ज्युली नावाची नटी आहे. तिच्यात काळ्या माणसाचे रक्त आहे, नवरा गोरा आहे. असे लग्न त्या राज्यात गुन्हा. पोलीस अधिकारी पकडायला येतो. नवरा काय करतो? तो बायकोच्या हातावर चाकूने छेद घेतो आणि तिचे रक्त चोखतो. मग सांगतो, माझ्याही अंगात आता काळे रक्त आहे! अटक टळते, पण दोघांना बोट सोडून जावेच लागते.

वाचकहो, हा प्रवेश वाचताना आम्हाला १९१६ चा बाबासाहेबांचा निबंध आठवला. वर्ण असो की जात, पहारा शेवटी लग्नावरच बसतो. अमेरिकेत असे सारे कायदे रद्द व्हायला १९६७ साल उजाडले. आपल्याकडे कायदा आडवा येत नाही, पण आंतरजातीय लग्न करणाऱ्या पोरांच्या खुनाच्या बातम्या आजही येतातच.

या नाटकाला दोष नव्हते असे नाही. गोरे आणि काळे कलावंत एकाच रंगमंचावर आले खरे, पण क्वीनी या काळ्या बाईचे काम एका गोऱ्या नटीने तोंडाला काळे फासून केले. गोऱ्या लेखकाने काळ्यांचे दुःख मांडले, पण ते सोसून, थकून नदीकडे पाहत बसणाऱ्या माणसाच्या तोंडून मांडले.

त्या गाण्यात बदल केला तो पॉल रॉब्सन यांनी. रॉब्सन हे गुलामीतून सुटलेल्या बापाचे पोर. तेही कोलंबियाचेच. तिथून १९२३ साली ते वकील झाले. वकिलाच्या कचेरीत एका गोऱ्या लघुलेखिकेने काळ्या माणसाने सांगितलेला मजकूर उतरवून घ्यायला नकार दिला. कचेरीत आयुष्य घालवणाऱ्या आमच्यासारख्या कारकुनाला ही गोष्ट वाचून बडोद्याची आठवण येते. कोलंबियाहून शिकून आलेल्या बाबासाहेबांच्या टेबलावर तिथले शिपाई लांबूनच फायली फेकत होते. रॉब्सन यांनी वकिली सोडली आणि रंगमंच धरला. 'शो बोट' मध्ये त्यांनी १९२८ साली लंडनला काम केले, १९३६ च्या चित्रपटातही केले. पुढे जाहीर कार्यक्रमांत त्यांनी त्या गाण्याचे शब्द स्वतःच बदलले. थकलेल्या माणसाच्या जागी शेवटपर्यंत लढणारा माणूस उभा केला. चाल तीच ठेवली.

या गाण्याला आपल्याकडचाही एक धागा आहे. आसामचे भूपेन हजारिका कोलंबियात पीएच. डी. करायला गेले. तिथे ते रॉब्सन यांच्या सहवासात आले. त्या गाण्याच्या प्रेरणेतून त्यांनी ब्रह्मपुत्रेला जाब विचारणारे असमिया गीत रचले. तेच हिंदीत गंगेच्या नावाने आपण ऐकतो. हजारिकांना पीएच. डी. मिळाली १९५२ साली, आणि त्याच वर्षीच्या ५ जूनला कोलंबियाने बाबासाहेबांना एलएल. डी. देऊन गौरवले.

अमेरिकेतली चवदार तळी

नाटकाचे झाले, आता पाण्याकडे येऊ. अमेरिकेत नळाचे पाणी काळ्यांना मिळे, पण गोऱ्यांबरोबर एकाच पाण्यात उतरणे हा मोठा अपराध होता. २७ जुलै १९१९ ची गोष्ट. शिकागोच्या सरोवरात युजीन विल्यम्स हा १७ वर्षांचा काळा मुलगा तराफ्यावर होता. पाण्यावर कुठेही न आखलेली, पण सगळ्यांना ठाऊक असलेली एक रेघ होती. तो वाहत वाहत गोऱ्यांच्या बाजूला गेला. किनाऱ्यावरून दगड आले. पोरगा बुडून मेला. त्यानंतरच्या दंगलीत ३८ माणसे मेली.

जून १९६४ मध्ये फ्लोरिडातल्या सेंट ऑगस्टीन गावी काळे आणि गोरे सत्याग्रही एका लॉजच्या तरणतलावात एकत्र उतरले. मालकाने काय करावे? त्याने तलावात आम्ल ओतले! त्याचे फोटो जगभर गेले. महाडच्या १०८ घागरी आणि फ्लोरिडातला आम्लाचा कॅन यांत आम्हाला तरी फरक दिसत नाही. पाणी एकाने 'शुद्ध' केले, दुसऱ्याने जाळले, पण विटाळ दोघांच्याही डोक्यात होता.

कायदा झाल्यावर काही गावांनी वेगळीच युक्ती काढली. मिसिसिपी राज्यातल्या जॅक्सन शहराने काळ्यांना तलाव खुले करण्याऐवजी तलावच बंद केले. १९७१ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी ते कायदेशीर ठरवले.

याचा परिणाम काय झाला? आजोबांना पाण्यात उतरू दिले नाही, म्हणून बाप पोहायला शिकला नाही. बापाला येत नाही, म्हणून तो पोराला पाण्याजवळ जाऊ देत नाही. मग लोक म्हणू लागले, काळ्यांची हाडेच जड, ते तरंगत नाहीत! आधी दार बंद करायचे, मग म्हणायचे यांना आत यायचीच हौस नाही. ही लबाडी आपल्या ओळखीची आहे. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने २०१४ साली आकडे दिले. ५ ते १९ वयाची काळी मुले तरणतलावात बुडून मरण्याचे प्रमाण गोऱ्या मुलांच्या साडेपाच पट होते.

तिसरा आला तरी गुण मिळतात

पण ही कथा रडगाण्यावर संपत नाही. ती पुढे कॉलेजच्या तरणतलावात जाते.

अमेरिकेत कॉलेजांच्या राष्ट्रीय पोहण्याच्या स्पर्धा १९२४ पासून भरतात. मुलींसाठी अशाच स्पर्धा त्या संस्थेने १९८२ मध्ये सुरू केल्या. मुक्त शैली, पाठीवर, छातीवर आणि फुलपाखरू असे पोहण्याचे चार प्रकार असतात. चौघांनी मिळून पोहायची रिले शर्यत असते. आम्हाला आवडली ती गुण देण्याची रीत. बक्षीस पहिल्याचे असले तरी गुण मागच्यांनाही मिळतात, आणि ते कॉलेजच्या खात्यात जमा होतात. तिसरा-चौथा आलेला मुलगाही संघाला जिंकवतो.

सुरिनाम या छोट्या देशाच्या अँथनी नेस्टी यांनी १९८८ च्या सोल ऑलिम्पिकमध्ये १०० मीटर फुलपाखरू शर्यत जिंकली. फरक होता एका सेकंदाच्या शंभराव्या भागाचा! पोहण्यात वैयक्तिक सुवर्णपदक मिळवणारे ते पहिले काळे पुरुष. पुढे ते फ्लोरिडा विद्यापीठाच्या संघाकडून पोहले, तिथेच प्रशिक्षक झाले, आणि २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये अमेरिकेच्या पुरुष संघाचे मुख्य प्रशिक्षक होते. ज्या फ्लोरिडात पाण्यात आम्ल ओतले, त्याच राज्यात हा माणूस काळ्या-गोऱ्या पोरांना पोहायला शिकवतो.

२०१५ च्या कॉलेज स्पर्धेत मुलींच्या १०० यार्ड मुक्त शैलीत सिमोन मॅन्युएल, लिया नील आणि नॅटली हाइंड्स यांनी पहिले तीन क्रमांक पटकावले. तिघीही कृष्णवर्णीय. असे आधी कधी घडले नव्हते. पुढच्याच वर्षी रिओ ऑलिम्पिकमध्ये सिमोनने १०० मीटरमध्ये ५२.७० सेकंदांची वेळ देऊन कॅनडाच्या मुलीबरोबर सुवर्णपदक वाटून घेतले. पोहण्यात वैयक्तिक सुवर्ण मिळवणारी ती पहिली आफ्रिकन-अमेरिकन स्त्री.

विचार करा, या मुलींच्या आईबापांनीही 'आपल्या लोकांची ही कामं नव्हेत' असे म्हटले असते तर?

आपला वारसा जलशाचा

आता ताईंच्या दुसऱ्या तक्रारीकडे येऊ, नाचगाण्याकडे. ताई, आपली चळवळ गावोगाव पोहोचवली कुणी? वर्तमानपत्र वाचता येणारे होते किती? बाबासाहेबांचा विचार पोहोचला तो जलशातून. भीमराव कर्डक आणि त्यांच्यासारख्या शाहिरांनी तमाशाचा साचा घेतला आणि त्यातले देव काढून त्यात माणूस बसवला. गण, गवळण, बतावणी यांच्या जागी शिक्षण, स्वच्छता, मेलेले ढोर न ओढणे हे विषय आले. दिवसभर राबलेली माणसे कंदिलाच्या उजेडात रात्र रात्र ते ऐकत. वामनदादांची गाणी आजही आपल्या बारशापासून पुण्यानुमोदनापर्यंत साथीला असतात. हे संगीत नाटकच होते, फक्त त्याला थिएटर नव्हते.

आणि विद्यार्थ्यांचे म्हणाल, तर बाबासाहेबांनी १९५० साली औरंगाबादला कॉलेज काढले, तेच आपले मिलिंद महाविद्यालय. तिथले प्राचार्य म. भि. चिटणीस यांनी 'युगयात्रा' हे नाटक लिहिले. युगानुयुगे अस्पृश्यांनी काय सोसले ते त्यात होते. मिलिंदच्या विद्यार्थ्यांनी ते बाबासाहेबांसमोर केले, आणि १९५६ च्या नागपूरच्या धम्मदीक्षेच्या वेळीही ते झाले. अठरा तास अभ्यास करणाऱ्या बाबासाहेबांनी 'नाटक सोडा, पुस्तक धरा' असे त्या मुलांना म्हटले नाही. ते समोर बसून नाटक पाहत होते.

मग करायचे काय?

आता घरच्या चार गोष्टी. आपल्या वस्त्यांजवळ दगडखाणी असतात, कालवे असतात, नदीचे डोह असतात. दर उन्हाळ्यात कुणाचे तरी लेकरू त्यात जाते. पेपरात चार ओळी येतात. आमच्या शेजारच्या वस्तीतले असेच एक लेकरू आम्ही खांद्यावरून नेले आहे. त्या आईचा हंबरडा आम्ही विसरू शकत नाही. पाण्यापासून मुलांना लांब ठेवून मुले वाचत नाहीत, ती चोरून जातात. शिकवल्याने वाचतात.

तेव्हा जवळच्या नगरपालिकेच्या किंवा कॉलेजच्या तरणतलावात जाऊन फी, वेळ आणि शिकवणारा कोण याची चौकशी करावी. फी परवडत नसेल तर मंडळाने पाच-दहा मुलांची मिळून भरावी. जयंतीचा एक लाऊडस्पीकर कमी लावला तर तेवढे पैसे निघतात. मुलींसाठी वेगळी वेळ मागावी, शिकवणारी बाई मागावी. पोषाखाची लाज वाटत असेल तर अंगभर झाकणारे पोहण्याचे कपडेही मिळतात. आणि जीवरक्षक हजर असल्याशिवाय कुणालाही पाण्यात उतरू देऊ नये.

गॅदरिंगला मूल काम करणार म्हणाले तर आधी विचारावे, काम कोणते आहे? झाडूवाल्याचे, चोराचे आणि नोकराचे काम दरवेळी आपल्याच पोराच्या वाट्याला येते काय? येत असेल तर त्याला सांगावे, तू लिहायला शीक, चाल लावायला शीक. रॉब्सन यांनी शब्द बदलले तसे तूही बदल. अभ्यासाचे म्हणाल, तर वेळापत्रक करावे. पहाटे पोहणे, संध्याकाळी तालीम, रात्री अभ्यास. टीव्ही आणि मोबाईल यांच्यापुढे जाणारा वेळ मोजला तर दोन्हींसाठी पुरून उरेल.

त्या ताईंची मुलगी शेवटी संघात गेली. कॉलेजांच्या स्पर्धेला ताईंना आम्हीच ओढून नेले. मुलगी तिसरी आली. ताईंना वाटले, पोरगी हरली. त्या उठून निघाल्या होत्या. तेवढ्यात फलकावर गुण लागले आणि पोरीच्या मैत्रिणींनी तिला उचलून धरले. ताईंनी आम्हाला विचारले, "दादा, तिसरी आली तरी एवढं कौतुक?"

आम्ही म्हटले, "ताई, तिचे गुण सगळ्यांच्या खात्यात गेले."

ताई काही बोलल्या नाहीत. पदराने पोरीचे ओले केस पुसत राहिल्या. जाताना मात्र त्यांनी विचारलेच, नाटकाचा दिवस कोणता?

आपल्या पूर्वजांनी ओंजळभर पाण्यासाठी डोकी फोडून घेतली. त्या तळ्याच्या काठावर उभे राहून आता आपणच पोरांना 'मागे फिर' म्हणायचे काय?

जय भीम!